तंबोरा शाळेत आणि वृद्धाश्रमात नेताना

गावातल्या संगीत मंडळाला, गायनवर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला किंवा नुसत्या हौशी श्रोत्याला शास्त्रीय संगीत शाळकरी मुलांपर्यंत आणि ज्येष्ठ मंडळींपर्यंत न्यावेसे वाटते, तेव्हा पहिली कल्पना हमखास मोठ्या कार्यक्रमाची सुचते. मंडप, ध्वनिक्षेपक, बाहेरगावचे नामवंत कलाकार, दीपप्रज्वलन आणि सतरंजीवर बसवलेली पाचशे मुले. एका तालुक्याच्या गावातल्या मंडळाचे काम मी बरीच वर्षे पाहतो आहे आणि आमचीही सुरुवात अशीच झाली होती. एका शाळेने दिलेल्या चाळीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटे स्वागत, परिचय आणि पाहुण्यांची मनोगते यांत गेली. उरलेल्या वेळात तबला सुरात लावून झाला, गायिकेने षड्ज म्हणजे सा लावला, आलाप जेमतेम पंचमापर्यंत, म्हणजे प पर्यंत पोचला आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलांचे काहीच चुकले नव्हते. ती डबे घेऊन पळाली. त्यानंतर आम्ही प्रमाणच बदलले. एका वेळी एकच वर्ग, म्हणजे चाळीस-पन्नास मुले, शक्यतो ध्वनिक्षेपकाशिवाय, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच वर्गाकडे जायचे. वृद्धाश्रमातही हेच प्रमाण ठेवले. पुढची सारी पद्धत या एका बदलातून आली आहे.

आरंभी कलाकाराचा प्रश्न येतो, पण तो वाटतो तेवढा अवघड नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची केंद्रे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत आणि ज्या गावात केंद्र आहे तिथे मध्यमा किंवा विशारद झालेली दोन-चार माणसे असतातच. त्यांतली बरीचशी नोकरी-संसारात गाणे बाजूला ठेवून बसलेली असतात आणि कोणी विचारले तर आनंदाने येतात. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे दरबारातून आणि ठरावीक घरांतून बाहेर काढून सर्वसामान्यांच्या मुलांना शिकवण्यासाठीच. त्यामुळे या परंपरेतल्या शिक्षकाला शाळेत जाणे कमीपणाचे वाटत नाही. मोठ्या कलाकाराला शाळेत आणायचे असेल तर स्पिक मॅके या संस्थेकडे विचारणा करावी. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक डॉ. किरण सेठ यांनी 1977 साली सुरू केलेली ही चळवळ शाळा-महाविद्यालयांत सप्रयोग व्याख्याने घडवून आणते. मात्र असा कलाकार वर्षातून एकदा येईल, पंधरा दिवसांनी परत येणार नाही, हे धरूनच आखणी करावी.

मानधनाबाबत मी थोडा हट्टी आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती आधी ठरवावी, तबलजीची आणि पेटीवाल्याची वेगळी ठरवावी आणि त्याच दिवशी पाकिटात द्यावी. ‘समाजकार्य आहे, तेव्हा तुम्ही काही घेणार नाहीच’ हे वाक्य ऐकून तबलजी पहिल्यांदा येतो, दुसऱ्यांदा त्याला नेमके त्याच वेळी दुसरीकडे काम असते.

शाळेकडे अर्ज नेताना शाळेचे वर्ष डोळ्यांसमोर असावे. जून महिना प्रवेश आणि पुस्तकांत जातो, ऑक्टोबरात सहामाही, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, आणि मार्च लागला की दहावीच्या परीक्षेपुढे कोणाला काही सुचत नाही. राहता जुलै ते सप्टेंबर हा सलग काळ उत्तम. शनिवार सोईचा पडतो, कारण त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि एखादी तासिका मोकळी करणे मुख्याध्यापकांना जमते. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, त्याचाही अर्जात उल्लेख करावा. शाळेला अशा दिवसांसाठी उपक्रम हवेच असतात. अर्जात तारीख, वर्ग, मिनिटे आणि शाळेकडून काय हवे हे स्पष्ट लिहावे. हवे ते फार नसते: एक खोली, दोन सतरंज्या, वर्गावरचे शिक्षक आणि भाषण होणार नाही एवढी हमी.

वेळेचा आणखी एक पैलू आहे आणि मला तो या कामातला सर्वांत मोठा लाभ वाटतो. आपल्याकडच्या मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे श्रोत्यांच्या कानावर यमन, पूरिया, बागेश्री वारंवार पडतात आणि दिवसाचे राग मागे राहतात. शाळा भरते दिवसा. सकाळच्या शाळेत भैरव किंवा तोडी, अकरा-बाराच्या सुमारास वृंदावनी सारंग, दुपारी अडीच-तीनला भीमपलास, असे राग त्यांच्या स्वतःच्या वेळेला ऐकवण्याची संधी मैफलीच्या गायकालाही सहसा मिळत नाही. जुलै-ऑगस्टात बाहेर पाऊस असताना मल्हार गाइला, तर त्याचे स्पष्टीकरण द्यावेच लागत नाही. फक्त पत्र्याच्या छपराची खोली टाळावी. तिथे खऱ्या पावसापुढे मल्हार ऐकू येत नाही.

वर्गात पहिल्या दिवशी काय करावे? आम्ही तंबोऱ्यापासून सुरुवात करतो. यंत्रातला किंवा मोबाइलमधला तंबोरा सोईचा असतो हे मान्य, पण पहिल्या दिवशी खरा तंबोरा न्यावा, मग तो रिक्षात आडवा धरून नेण्याचा कितीही त्रास होवो. मुलांना गोलात बसवावे, गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची खोळ, त्यांच्या समोर काढावी आणि आधी काही न बोलता तारा छेडाव्यात. मग सांगावे की खाली आहे तो खराखुरा भोपळा आहे, पंढरपूरच्या बाजूला शेतात पिकतो, वाळवून मिरजेला येतो आणि तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्याचे तंबोरे आणि सतारी घडवतात. या दोन्ही वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही सातवी-आठवीच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. त्यानंतर एकेका मुलाला भोपळ्याला कान लावू द्यावा. यात दहा-बारा मिनिटे जातात आणि ती वाया जात नाहीत.

तार लावताना घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्यावर, तारेखाली जो सुताचा दोरा सरकवतात, तो मुलांच्या देखत सरकवावा. दोरा योग्य जागी नसेल तर तार नुसती टण्‌ वाजते. तो केसभर पुढेमागे केला की एकाएकी जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलते आणि तोच स्वर भरून, झंकारत बाहेर येतो. हा फरक कोणत्याही मुलाला ऐकू येतो, त्यासाठी गाण्याचा कान लागत नाही. नंतर शेवटची, खर्जाची तार एकटीच छेडून मुलांना शांत बसवावे आणि सा सोडून आणखी कोणता स्वर ऐकू येतो का, हे विचारावे. तंबोरा नीट लागला असेल तर त्या एका तारेतून गंधार उमटतो. एकदा पाचवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले होते की चार तारा आहेत, त्यांत ग कुठलीच नाही, मग ग कोण म्हणतंय? त्या दिवशी आम्ही ठरवलेले बाकी सगळे बाजूला ठेवले आणि स्वयंभू गंधारावरच, म्हणजे तारेतून आपोआप उमटणाऱ्या या ग वरच, तास संपवला.

दुसऱ्या भेटीत ताल घ्यावा. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरायला शिकवाव्यात: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. वर्गाचे चार गट करून प्रत्येकाला चार मात्रांचा एकेक विभाग वाटून दिला की ठेका वर्गभर फिरू लागतो. खाली ज्या गटाकडे येते, तो गट टाळी न वाजवता हात पालथा उलटतो आणि त्या क्षणी खोलीत जी शांतता होते तिची मुलांना फार गंमत वाटते. मग तिहाई. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा तीन वेळा म्हणायचा आणि दर दोन तुकड्यांमध्ये एक मात्रा थांबायचे. समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, निघालो तर शेवटचा धा कुठे पडेल, हे फळ्यावर मांडायला लावावे. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा, आणि सोळांच्या आवर्तनात सतरावी मात्रा म्हणजे पुन्हा सम. हे गणित सुटल्यावर तबलजीने तोच तुकडा वाजवावा आणि मुलांनी समेवर एकत्र टाळी द्यावी. हिशेब जुळल्याचा आनंद कानाने घेता येतो हे त्यांना तेव्हा कळते, आणि गणिताचे शिक्षकही खिडकीतून डोकावतात.

गाण्यासाठी पहिले राग पाच स्वरांचे घ्यावेत. भूप चांगला, दुर्गा चांगला. मध्यलयीतली चार ओळींची एकच बंदिश घ्यावी आणि तीन भेटींत तीच घोळवावी. मुलांची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर ती सा धरतात ती, मोठ्या माणसांपेक्षा उंच असते. पुरुष शिक्षक आपल्या काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या सुराला सा मानून, शिकवू लागला की मुलांचे आवाज खर्जात बसतात आणि सगळे पुटपुटल्यासारखे ऐकू येते. त्यांना काळी तीन किंवा काळी चार द्यावी. वादी-संवादी, थाट, जाती हे रागशास्त्रातले शब्द पहिल्या वर्षी बोलूच नयेत. ज्याला या गोष्टींची ओढ लागेल तो परीक्षेला बसेल आणि तिथे त्या शिकेल; बाकीच्यांना त्या व्याख्या पाठ करायला लावल्या तर आपण संगीताचा आणखी एक नावडता विषय करून ठेवतो.

ध्वनिमुद्रिका ऐकवायच्या असतील तर जुन्या 78 गतीच्या तबकड्यांतले गाणे शोधावे. त्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटेच मावत, त्यामुळे अब्दुल करीम खाँसारख्या गवयाने एवढ्या अवधीत अख्खा राग मांडलेला असतो, आणि सहावीतल्या मुलाचे लक्षही तेवढाच वेळ टिकते. केसरबाई केरकरांची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेची भैरवी 1977 साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे आणि ती याने आता सूर्यमालेच्या ग्रहांच्या पलीकडे गेली आहेत. हे सांगून झाल्यावर तीच भैरवी लावली की जुन्या ध्वनिमुद्रणाच्या खरखरीबद्दल कोणी तक्रार करत नाही.

ज्येष्ठांकडे जाताना ही सगळी तयारी बाजूला ठेवून नव्याने विचार करावा लागतो. आमची पहिली चूक वेळेची होती. दुपारी दोनला, जेवणानंतर, विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल सुरू केला आणि पंधरा मिनिटांत निम्मी सभा पेंगली. गायक बिचारा डोळे मिटून गात होता म्हणून त्याला ते कळले नाही. सकाळी दहा ते अकरा किंवा संध्याकाळचा चहा झाल्यावर साडेचार ते साडेपाच, या वेळा चालतात. पाऊण तासाहून अधिक बसवू नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या खाण्याच्या आणि औषधाच्या वेळा व्यवस्थापकांकडून आधी विचारून घ्याव्यात. पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडाव्यात आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट मोकळी ठेवावी, म्हणजे मध्येच उठावे लागले तर कोणाला संकोच वाटणार नाही.

ऐकू येण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. वाढत्या वयात उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, आणि आवाज नुसता मोठा केल्याने तो स्पष्ट होत नाही, उलट बोचू लागतो. आयोजक नेमके हेच करतात: आजी-आजोबांना ऐकू यावे म्हणून कर्णा मोठा करतात आणि पुढच्या रांगेतली माणसे कानावर हात ठेवतात. श्रवणयंत्र मुळात बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते. गाण्यात, विशेषतः पेटी आणि तारसप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, ते कधीकधी शिट्टी मारते किंवा स्वर मोडका ऐकवते. काही यंत्रांत संगीतासाठी वेगळी सोय असते, ती आहे का हे घरच्यांना विचारावे. आमचा अनुभव असा की गायक श्रोत्यांपासून सात-आठ फुटांवर बसला, पट्टी जरा खाली घेतली, तबला हळू ठेवला आणि पंखे मंद केले, तर ध्वनिक्षेपक लागत नाही. शब्द आधी एकदा नुसते बोलून दाखवावेत. शब्द कळले की स्वर सापडतो.

काय गावे, हे आपण ठरवण्यापेक्षा त्यांना विचारून ठरवावे. मात्र विचारताना हिशेब वर्षांचा ठेवावा. ज्येष्ठ म्हटले की आपण बालगंधर्वांची पदे घेऊन जातो, पण 1911 सालचे ‘मानापमान’ किंवा 1916 सालचे ‘स्वयंवर’ हे आजच्या पंच्याहत्तरीतल्या माणसाच्या आजोबांच्या काळातले. तो स्वतः शाळेत होता तेव्हा ‘मत्स्यगंधा’ (1964) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) ही नाटके आली, म्हणजे त्याच्या उमलत्या वयातले नाट्यसंगीत जितेंद्र अभिषेकींचे आहे. बालगंधर्वांची पदेही त्याला येतात, पण ती वडिलांच्या तोंडून किंवा रेडिओवरून ऐकलेली. एकदा पद ओळखीचे निघाले की त्याच रागातली छोटी बंदिश जोडून द्यावी आणि ‘हे तुमच्या त्या पदाचंच घर’ असे सांगावे. ही वाट शास्त्रीय संगीतात आपोआप आत नेते. अभंगाने सुरुवात केली तरी हरकत नाही. टाळ दोन-चार जणांच्या हातात द्यावेत, लय कोणी शिकवावी लागत नाही.

त्यांनाही गाऊ द्यावे. तरुणपणी गाणारी एखादी बाई आता ‘आवाज गेला हो’ म्हणून मागे सरते, तेव्हा बहुधा आवाज गेलेला नसतो, पट्टी उतरलेली असते. त्यांच्या जुन्या पट्टीपेक्षा दोन-तीन सूर खाली तंबोरा लावला की गळा पुन्हा वळू लागतो. स्मरणशक्ती क्षीण झालेली एखादी व्यक्ती नाव विसरते, पण गाण्याच्या ध्रुवपदाची ओळ तिच्या ओठांवर येते, हे वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांनी पाहिलेले असते. पण एवढ्यावरून अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने झोप लागते, अशी विधाने करू नयेत. ती ऐकून कोणी गोळी सोडली तर जबाबदारी आपली असते, आणि गाणे ऐकण्यासाठी औषधाचे निमित्त लागावे इतकी वाईट अवस्था गाण्याची नाही.

दोन-तीन महिने असे गेल्यावर दोन्ही गट एकत्र आणता येतात, पण घाईने नव्हे. बारा-पंधरा मुले पुरेत. पालकांची लेखी संमती घ्यावी, बरोबर दोन शिक्षक असावेत आणि सर्दी-खोकला असलेल्या मुलाला त्या दिवशी घरी ठेवावे, कारण त्याला जो साधा खोकला आहे तो तिथल्या एखाद्याला महागात पडू शकतो. मुलांनी जाऊन कार्यक्रम सादर करायचा आणि ज्येष्ठांनी कौतुक करायचे, असे स्वरूप ठेवू नये. खाऊ वाटून फोटो काढून सगळे परत येतात आणि कोणाचे कोणाशी बोलणे होत नाही. त्याऐवजी मुलांना प्रश्न घेऊन पाठवावे. घरी रेडिओ कधी आला, तो कोण लावत असे, पहिली मैफल कुठे ऐकली, तिकीट होते का, कशावर बसलात. दोन मुले आणि एक आजोबा अशा जोड्या करून वीस मिनिटे द्यावीत. नंतर सगळ्यांनी मिळून ताल धरावा. पट्टीचा घोळ इथे होतोच, मुलांना खालची जमत नाही आणि ज्येष्ठांना वरची. तेव्हा मुलांनी बंदिश म्हणावी आणि ज्येष्ठांनी हातावर ताल ठेवावा, ही वाटणी सोपी जाते. आमच्याकडे एका आजींनी मुलांना मध्येच थांबवले होते. मुले ‘सम’ गाठायच्या उत्साहात लय वाढवत होती. आजींनी काठी बाजूला ठेवली, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत सगळ्यांना पुन्हा पहिल्या लयीवर आणले आणि तबलजीकडे अशा नजरेने पाहिले की तोही सावरला.

प्रत्येक भेटीनंतर एका वहीत चार ओळी लिहाव्यात: कोणता राग, कोणती पट्टी, काय जमले नाही, कोणी काय विचारले. पुढच्या वेळी गायक बदलला तर ही वही त्याला वाचायला द्यावी, नाहीतर तोही पुन्हा भूपच शिकवतो. पावसाळ्यात परत आल्यावर तंबोरा पुसून, दमट भिंतीपासून दूर ठेवावा, कारण दमट हवेत जवारी बिघडते. आणि गवसणीची दोरी बांधण्याआधी, मुख्याध्यापक किंवा व्यवस्थापक समोर उभे असतानाच, पुढची तारीख ठरवून त्यांच्या दिनदर्शिकेवर लिहून घ्यावी; फोनवर कळवतो म्हटलेली तारीख आमच्या वहीत अजून एकदाही आलेली नाही.